दोन दाणे पाण्यावर

ठाणे
१२ जून २००४

ती. दादास,
जयवंतीचा नमस्कार.

शाळेसमोरच्या दुकानात फोन आहे, पण तिथे बोललेलं संध्याकाळपर्यंत साखरशेतच्या साऱ्या पाड्यांवर पोचतं. म्हणून पत्र. मीनावहिनीला वाचून दाखव, इतरांना नको.

निशाला जाऊन ह्या आषाढात दोन वर्षं होतील. कमलेश आणि मी त्यानंतर मुलाचा विषय काढलाच नाही. मी माझ्या कचेरीत, तो त्याच्या. घरी आला की टीव्ही लावतो आणि त्याच्याकडे पाठ करून बसतो. मागच्या महिन्यात निशाला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःहून बोलावलं. मुंबईत एका दवाखान्यात नवी पद्धत सुरू झाली आहे. आम्हा दोघांच्या रक्तात सिकलसेलचा अर्धा अर्धा दोष आहे. त्याचा आम्हाला त्रास नाही. पण दोन्हीकडचा दोष एकाच मुलात उतरला की ते निशासारखं होतं. चारांत एकाला हा धोका.

ह्या पद्धतीत माझी बीजं बाहेर काढून काचेच्या ताटलीत कमलेशच्या बीजाशी त्यांची गाठ घालतात. तिसऱ्या दिवशी एकेक गर्भ आठ पेशींचा होतो. त्या आठांतली एक काढून तपासतात. ज्याच्यात आजार नाही तो पोटात ठेवतात. मी विचारलं, एक काढली तर उणीव नाही राहत? बाई म्हणाल्या, "उरलेल्या सात जणी काम वाटून घेतात."

आई-बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. आता तूच आहेस. तू रोज दिवा लावतोस, पोथी वाचतोस, तुझ्या तोंडून 'कर' असं ऐकायचं आहे. कमलेशही म्हणाला, "गुरुजी हो म्हणाले तरच सही करू."

आणखी एक. बाईंना घरच्या लोकांची जुनी रक्ततपासणी हवी आहे. मला आठवतं, माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी तुझ्या शाळेत मुंबईची मंडळी शिबिराला आली होती. सगळ्यांच्या बोटाला टोचलं होतं. त्याचं पुढे काय झालं? काही कागद आले होते का?

तुझी,
जयवंती


साखरशेत
२ जुलै २००४

चि. जयवंतीस,
ढवळूदादाचा आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आवणी चालू आहे. शाळेत निम्मी पोरं नाहीत, आई-बापांबरोबर चिखलात आहेत. मीही शाळा सुटल्यावर बांधावर जातो. कंबर आता ऐकत नाही. मीना म्हणते, "गुरुजींनी खडूच धरावा, रोपं रडतात."

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझं दुःख मला कळतं, हे आधी लिहितो. पण 'कर' हा शब्द माझ्या हातून उतरत नाही. मूल देणं आपल्या हाती नव्हतं, म्हणून ते आलं की आपण हात जोडतो. ह्या ताटलीत सहा-सात जीव मांडायचे, त्यांची परीक्षा घ्यायची, आणि एकाला 'ये' म्हणायचं. बाकीच्यांना काय म्हणायचं? मी सत्तावीस वर्षं परीक्षा घेतो आहे. नापास झालेल्या पोराला मी पुढच्या वर्षी परत त्याच बाकावर बसवतो. त्याला शाळेबाहेर काढत नाही.

प्राण कधी येतो, हे पोथीत मी शोधलं. तिथे आहे, पण एकसारखं नाही. आठ पेशी म्हणजे माणूस, असं मला म्हणता येत नाही. नाही, असंही म्हणता येत नाही. ज्याचं नक्की माहीत नाही त्याच्याशी जपून वागावं, एवढंच मला कळतं.

तानीमावशीला मी मोघमच सांगितलं, जयवंती पुन्हा मुलाचा विचार करते आहे म्हणून. गावातल्या सगळ्यांच्या नाळा तिनेच कापल्या आहेत, तिच्यापासून लपत नाही. तिला फार आनंद झाला. निशाच्या पाचवीला तिने पितळी वाटीत पाणी घेऊन दोन तांदूळ सोडले होते, आपल्यातल्या गेलेल्यांची नावं एकेक घेतली होती, आणि आपल्या आईच्या नावाला दोन्ही दाणे एकमेकांना जाऊन चिकटले होते, ते तुला आठवत असेल. आई परत आली म्हणून तू रडली होतीस. मावशी आता म्हणते, "जयवंतीला सांग, उशीर नको करू. पोरगी बाहेर उभी हाय. दार उघडायचा काम तुमचा."

मी ते जसंच्या तसं लिहिलं. विचार कर.

कमलेशरावांना नमस्कार. दाभोसाला त्यांच्या आईंची तब्येत बरी आहे, जीपवाल्याकडून कळलं.

तुझा,
दादा


ठाणे
२० जुलै २००४

ती. दादास,
नमस्कार.

मावशीला सांग, पोरगी कुठे उभी होती ते मी पाहिलं आहे. पलंगाचा दांडा धरून उभी होती, कारण बसलं की दुखायचं आणि निजलं की जास्त दुखायचं. हाताची बोटं वांग्यासारखी सुजलेली. मला म्हणाली, "आई, हाडांत कोण ठोकतंय? त्याला सांग ना, पुरे." सहा वर्षांची पोर, दादा. शेवटच्या दिवशी दुपारी तिने पाणी मागितलं, आणि मी पेला घेऊन येईपर्यंत संपलं होतं.

तिला परत त्याच अंगात बोलवायचं? हे दार मी उघडायचं?

तू परीक्षेचं लिहिलंस. तुझ्या शाळेतल्या नापासाला ताप येत नाही. आणि मृगाच्या आधी तू पोरांना दरवर्षी काय शिकवतोस? बियाणं मिठाच्या पाण्यात टाका, तरंगेल ते काढा, बुडेल ते पेरा. मलाही तूच शिकवलंस. तेव्हा पोथी उघडली नव्हतीस.

रागाने लिहिते आहे, पण खरं सांगते, मलाही ते सोपं नाही. एक गोष्ट मी कमलेशलाही बोललेले नाही. ही पद्धत आठ वर्षांपूर्वी असती, आणि मी केली असती, तर बाजूला ठेवलेल्यांत निशाच असती. तिचं ते तोंडात फणी धरून वेणी घालायला बसणं, वहिनीला 'मीनामामी' न म्हणता नुसतं 'मिने' म्हणणं, हे काहीच नसतं. मी बसमध्ये उभी असते आणि हा विचार येतो, मग कुठे उतरायचं तेच कळत नाही.

तरी मी करणार आहे. तुझा आशीर्वाद असता तर सही करताना बरं वाटलं असतं.

शिबिराच्या कागदांचं तू काहीच लिहिलं नाहीस. बाई परत विचारत होत्या. आणि मलाही जाणून घ्यायचं आहे. आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे आम्ही दोघं न बोलता रोज एकमेकांना विचारतो. कमलेश स्वतःला दोष देतो, त्याच्या काकाची दोन मुलं अशीच गेली होती म्हणून. मी म्हणते, तुला कुठे ठाऊक होतं? कुणालाच ठाऊक नव्हतं.

जयवंती


साखरशेत
१५ ऑगस्ट २००४

चि. जयवंतीस,
आशीर्वाद.

झेंडावंदन करून आलो, तसाच लिहायला बसलो. पाऊस इतका की पोरांनी केळीची पानं डोक्यावर धरून राष्ट्रगीत म्हटलं.

बियाण्याचं तू बरोबर बोललीस. मी मीनाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघा, तुमचीच काठी तुमच्या पाठीत." मी म्हटलं, तरंगलेलं बी मी फेकत नाही, कोंबड्यांना घालतो. ती म्हणाली, "कोंबडीला विचारा काय फरक पडतो. बीला विचारू नका."

शिबिराचे कागद आल्याचं मला आठवत नाही. मुंबईची माणसं, येतात, टोचतात, जातात.

तू शहाणी आहेस. तुला वाटेल ते कर. मी अडवत नाही. आशीर्वाद मात्र कागदावर मागू नकोस. मी दिवा लावतो तेव्हा तुझं नाव घेतो, ते कुणी थांबवलेलं नाही.

दादा


ठाणे
३ नोव्हेंबर २००४

ती. दादास,
नमस्कार.

दिवाळीला येत नाही, झोपून राहायला सांगितलं आहे. कारण सांगते.

सहा झाले होते. डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवले. मला वाटलं होतं काही भीती वाटेल. पण ते तांदूळ पाण्यात फुगल्यावर दिसतो तसे होते, पारदर्शक. चौथ्या दिवशी निकाल सांगितला. एक अगदी स्वच्छ. तीन आमच्यासारखे, म्हणजे अर्धा दोष असलेले. दोन आजारी.

स्वच्छ होता तो आणि आमच्यासारख्यांतला एक, असे दोन आत ठेवले. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "स्वच्छ मिळाला ही लॉटरी. बाकीचे तीन जरा दुय्यम." मी म्हटलं, "साहेब, दुय्यमच तुमच्यासमोर बसली आहे." बिचारा लाजला. चहा पाजला मला.

आमच्यासारखे राहिलेले दोन पुढच्या खेपेसाठी गोठवले आहेत. आणि ते आजारी दोन, तेही सध्या तिथेच गोठवून ठेवले आहेत. त्यांच्यासाठी वेगळा कागद आहे. त्यावर दोन चौकोन: नष्ट करा, किंवा अभ्यासाला द्या. डिसेंबरअखेर खूण करून सही द्यायची. कमलेश म्हणतो तू ठरव. मी पेन धरलं की मला ती पलंगाचा दांडा धरून उभी दिसते.

दादा, तुझा विरोध मला आता कळतो, राग नाही. तू त्या दोघांचा विचार पहिल्या दिवशीच केला होतास. मी फक्त त्या एकाचा केला. तुझ्यासारखी श्रद्धा मला असती तर बरं झालं असतं. ह्या दोघांचं काय करू, तेवढं तरी सांग.

जयवंती


साखरशेत
२४ नोव्हेंबर २००४

चि. जयवंतीस,

आशीर्वाद लिहायचा धीर होत नाही.

तू लिहिलंस की माझ्या श्रद्धेमुळे मी विरोध केला. ते वाचल्यापासून मला देवापुढे बसता येत नाही. दिवा मीना लावते. ती विचारते, काय झालं? मी म्हणतो, पाठ. तिला काल सांगितलं. आज तुला सांगतो.

कागद आले होते. शिबिरानंतर चार महिन्यांनी मोखाड्याहून एक माणूस मोटारसायकलवर आला आणि शाळेत पाकीट देऊन गेला. प्रत्येकाच्या नावाची लहान चिठ्ठी होती. सोबत पत्र: गुरुजींनी घरोघर वाटाव्यात, आणि ज्यांच्या चिठ्ठीवर निळी फुली आहे त्यांना सांगावं की लग्न जुळवताना समोरच्याचंही रक्त तपासून घ्या.

तुझ्या चिठ्ठीवर निळी फुली होती. माझ्याही.

त्याच आठवड्यात दाभोसाची माणसं सुपारी घेऊन यायची होती. मुलगा सरकारी नोकरीत, शिकलेला, निर्व्यसनी. बाबा अंथरुणाला खिळलेले. त्यांना तुझं लग्न डोळ्यांनी बघायचं होतं. मी मनाशी म्हटलं, मुलीच्या रक्तात खोट आहे असं एकदा गावात पडलं की संपलं. ह्या खोटेचा त्रास तर होत नाही म्हणतात. आणि देव इतका वाईट नाही की दोन्हीकडे नेमकी तीच ठेवील. ते पाकीट मी कणसरीच्या टोपलीत ठेवलं, देवीच्या तांदळाखाली. ती टोपली घरात कुणी हलवत नाही. मी स्वतःला सांगितलं, देवीच्या स्वाधीन केलं. खरं म्हणजे लपवलं.

निशा आजारी पडली तेव्हा तुम्ही तिला जव्हारहून ठाण्याला नेलं, आणि त्या आजाराचं नाव मला फोनवर कळलं. मी दुकानातून घरी आलो आणि टोपलीकडे बघितलं. तेव्हाही बोललो नाही. ती गेली तेव्हाही नाही. आमचा गौतम धडधाकट आहे, लोक म्हणतात गुरुजींची पुण्याई. मीनाच्या चिठ्ठीवर फुली नाही, एवढीच ती पुण्याई.

तू 'कर म्हण' असं लिहिलंस तेव्हा मला 'कर' म्हणता आलं नाही, कारण आधी कळून निवड करणं बरोबर असेल, तर मी काय केलं ते उघडंच होतं. पोथी त्यानंतर काढली. पोथीत मी जे बोललो ते खोटं नव्हतं. पण मी ते खरं सांगण्यासाठी बोललो नाही.

त्या दोघांचं काय करावं हे सांगायचा मला अधिकार नाही. तुझी चिठ्ठी सोबत जोडली आहे. पाकिटात ती सगळ्यांत वर होती.

ढवळू


ठाणे
१८ जानेवारी २००५

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा मला दिवस गेले आहेत असं नक्की झालं होतं. म्हणून कमलेशने ते माझ्यापासून दोन आठवडे लपवलं. तुमच्यात साम्य आहे. डिसेंबरच्या नऊ तारखेला सगळं वाहून गेलं. त्यात स्वच्छ कोण होता आणि माझ्यासारखा कोण, हे कुणाला कळलं नाही. त्यानंतर त्याने पत्र दिलं.

महिनाभर मी गणित करते आहे. तू चिठ्ठी दिली असतीस, तर मी कमलेशला तपासायला सांगितलं असतं. दाभोसाची माणसं उठून गेली असती. लग्न झालं नसतं. निशा झाली नसती, आणि तिला दुखलंही नसतं. दुखणं वजा करायला जाते तर तीच वजा होते. तिला ठेवायचं म्हटलं तर तुझी लबाडी ठेवावी लागते. तू मला अशा जागी आणून उभं केलंस की मला तुला माफही करता येत नाही, आणि तू केलंस ते व्हायला नको होतं असं पूर्ण मनाने म्हणताही येत नाही. ह्यासाठीच मी तुझ्यावर सगळ्यांत जास्त चिडले आहे.

त्या दोघांच्या कागदावर ३० डिसेंबरला सही केली. नष्ट करा. अभ्यासाला दिले असते तर चांगलं झालं असतं, असं डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर दिसलं. मी सांगितलं, बाहेर काढाल तेव्हा मला उभं राहू द्या. अशी पद्धत नाही म्हणाले, मग राहू दिलं. त्या तरुण डॉक्टरने ताटली टेबलावर ठेवली. मी विचारलं, किती वेळ? तो म्हणाला, "ताई, काही दिसणार नाही." मी उभी राहिले. ताटलीत पाणी, पाण्यात ते दोघे. माझ्या ओठांवर नाव आलं होतं. घेतलं नाही. घेतलं असतं आणि ते एकमेकांकडे सरकले असते तर मी काय केलं असतं?

अजून दोन गोठवलेले आहेत. तूर्त मला काही नको.

आता एक प्रश्न. तू लिहिलंस, पाकिटात माझी चिठ्ठी सगळ्यांत वर होती. म्हणजे खाली इतर होत्या. माझी लपवायची म्हणून तू सगळ्या गावाच्या लपवल्यास का?

उत्तर मला नको. त्या ज्यांच्या आहेत त्यांना दे. शेवटची दिलीस की लिही. त्याआधी लिहू नकोस.

जयवंती


साखरशेत
११ मार्च २००५

चि. जयवंतीस,

सगळ्या दिल्या. म्हणून लिहितो.

तुझी सोडून त्रेसष्ट होत्या. सगळ्यांच्या लपवल्या होत्या. एकालाही दिली असती तर दुसऱ्याने विचारलं असतं, माझी कुठे?

पहिल्यांदा तानीमावशीकडे गेलो. चिठ्ठी द्यायला नव्हे. त्या दोघांसाठी वाटीत पाणी घेऊन काही करता येईल का, हे विचारायला. सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, नागली पाखडत होती. सूप थांबलं नाही. शेवटी म्हणाली, "जी आली नाय त्यांना पाणी नाय देत, ढवळू. जी आली त्यांच्या दारी जा." लहानपणापासून ती मला 'पोरा' म्हणते, असं नाव तिने कधी घेतलं नव्हतं.

मग दारोदार गेलो. तेरांवर निळी फुली होती. त्यातले दोघे आता नाहीत. पुंजाच्या चिठ्ठीवर फुली आहे, तिच्या नवऱ्याच्याही. तिची दोन मुलं लहानपणीच गेली. भगताने चेटूक सांगितलं होतं, आणि त्यावरून सासरच्यांनी तिला दोन वर्षं माहेरी ठेवलं होतं. मी तिच्यासमोर दोन्ही चिठ्ठ्या ठेवल्या. ती वाचू शकत नाही. मी वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "मंजी मी नव्हते?" मी म्हटलं, "तू नव्हतीस." ती उठली, आत गेली, आणि बाहेर आलीच नाही. मी अंगणात बसून राहिलो, तिच्या सासूने सांगेपर्यंत, की गुरुजी आता जा.

कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. बोहाड्याच्या उत्सवातल्या सोंगांची तयारी चालू आहे, गेली वीस वर्षं पूजेचं ताट माझ्याकडे असतं. ह्या वर्षी निरोप आला नाही. शाळेत येतात पोरं. कमी येतात.

शेवटची चिठ्ठी सुकऱ्याच्या घरची. त्याच्या लाडकीची. शिबिराच्या वर्षी ती पहिलीत होती. बोट टोचताना माझा सदरा धरून उभी होती. आता अठराची झाली. ह्या चैत्रात तिचं लग्न आहे, दाभोसाच्या मंगळूशी. अंगणात मांडवासाठी मेढी आणून टाकल्या आहेत. म्हणूनच ती शेवटी ठेवली होती, हेही लिहितो.

सुकऱ्याने चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. म्हणाला, "गुरुजी, ही अकरा वर्षं कुठं होती?"

"माझ्याकडे."

"आता कशाला आणली? आता मांडव घालू का मोडू?"

मग तोच म्हणाला, "माझी पोर फुलीवाली, असा गावात बोललात तर बघा." मी पाहिलं, हेच शब्द अकरा वर्षांपूर्वी माझ्या मनात होते. त्याने चिठ्ठी चुलीकडे नेली.

लाडकी पाण्याची कळशी ठेवून आली आणि बापाच्या हातातून ती काढून घेतली. ती माझ्याकडेच वाचायला शिकली. तिने वाचली, परत वाचली. फुलीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, रडेल. तिने माझ्याकडे बघून सरळ विचारलं, जशी वर्गात पुढचं पान विचारायची,

"आन् मंगळूची चिठ्ठी कुठं हाय?"

मी म्हटलं, त्याच्या गावात शिबिर झालं नव्हतं. त्याची नाही.

"मग काढू ना," ती म्हणाली.

उद्या सकाळच्या जीपने आम्ही दाभोसाला जातो, तिथून मंगळूला घेऊन जव्हारला. सुकऱ्या येत नाही म्हणाला होता. आत्ता येऊन विचारून गेला, जीप किती वाजता?

निकाल काय येईल ते माहीत नाही. आला की त्यांनाच वाचू देईन.

ढवळू